डीपी सगळ्यांची आहे

मुलाने कर्ज काढून बॅटरीवरची रिक्षा घेतली, तेव्हा हिवरखेडच्या आमच्या वस्तीत पेढे मी स्वतः वाटले. पेट्रोलचा खर्च नाही, धूर नाही. वर्षभरात आणखी तीन घरांनी तशाच रिक्षा घेतल्या. दिवसभर स्टँडवर धंदा करायचा आणि दिवेलागणीला दारात चार्जिंगला लावायची, हा चौघांचाही नेम.

एका संध्याकाळी शेजारची सून आली. "आबाजी, तुमच्या रिक्षा लागल्या का आमचा लाईट मिणमिणते. पोरीची बारावी हाय. तिनं वाचावं कसं?"

मला रागच आला. मीटर आमचे, बिल आम्ही भरतो, मग हिला कसला त्रास? दोनच दिवसांनी डीपीचा फ्यूज उडाला आणि सारी वस्ती अंधारात बसली.

वायरमनने मला हिशोब समजावला. रिक्षाचा चार्जर सुमारे एक किलोवॅट वीज ओढतो, तोही आठ-दहा तास. चार रिक्षा म्हणजे जवळजवळ पाच हॉर्सपॉवरचा पंपच! त्यात आमची चारही घरे एकाच फेजवर. नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही चालू. तारेतला करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते आणि लाईनच्या शेवटच्या घरी व्होल्टेज सर्वांत कमी पोचते. शेजारणीचे घर शेवटचेच.

घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायला सरकारने 2018 साली मोकळीक दिली आहे. पण जास्त वीज लागणार असेल तर मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, हे आम्ही कुणी विचारलेच नव्हते.

आम्ही विहारात बसलो. रात्री दहाच्या आत कुणी चार्जर लावायचा नाही, असे ठरले. भारवाढीचे अर्ज दिले. दोन घरे दुसऱ्या फेजवर घेतली गेली. मुलाच्या सकाळच्या दोन फेऱ्या आता बुडतात, कर्जाचा हप्ता भरताना ते जाणवते. तो कुरकुरला, मी समजावले.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात केंद्रात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचा कारभारही त्यांच्याकडे होता. वीज स्वस्त आणि मुबलक मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. ती आज आपल्या दारी आली आहे. बंधू-भगिनींनो, गाडी जरूर घ्या. पण चार्जर लावण्याआधी लाईनच्या शेवटच्या घरात कोण अभ्यासाला बसले आहे, तेवढे पाहा.