कुलदेवतेच्या वाटेवरची ताटं

मैत्रिणींनो, मे महिना जवळ आला की 'यंदा कुठं जायचं?' हा प्रश्न तुमच्याही घरात उभा राहत असेल. आमच्याकडे यंदा तो जरा जास्तच गाजला. त्याला कारण आमच्या जुहूच्या सोसायटीतलं समोरचं बिऱ्हाड! ती मंडळी मलेशियाला जाऊन आली. भाड्याची गाडी घेऊन गावोगाव हिंडली, केळीच्या पानावर भात जेवली, क्वालालंपूरजवळच्या बाटू लेण्यांत मुरुगनच्या दर्शनाला २७२ पायऱ्या चढली. फोटो पाहून आमची दोन्ही मुलं हट्टाला पेटली. यांनी कागद-पेन्सिल घेऊन पाच माणसांचा हिशेब मांडला आणि कागदाची घडी करून मुकाट्याने खिशात ठेवली.

तेव्हा मी म्हटलं, "देवळं आणि केळीचं पानच हवं ना? मग आपल्याच मुलखात जाऊ या की! जुहूहून निघू, देवळादेवळाला थांबत, जिथे जे पिकतं-शिजतं ते खात थेट कवळ्याला शांतादुर्गेपर्यंत."

आमची कुलदेवता ही. पण १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली तेव्हापासून आमच्या घरची रीत ठरलेली. रात्री गाडीत झोपायचं, सकाळी मडगावला उतरायचं, दर्शन घेऊन परत. मधलं कोकण मुलांनी पाहिलं ते खिडकीतून, तेही अर्धवट झोपेत.

दुसरं कारण मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तुम्हाला सांगते. मामंजींना जाऊन तीन वर्षं झाली. पूर्वी दर वर्षी न चुकता कवळ्याला जाणाऱ्या माझ्या सासूबाईंनी तेव्हापासून ती वाट सोडली होती. विषय काढला की म्हणायच्या, "तुम्ही जा मुलांना घेऊन. माझं काय आता तिथे?" हे वाक्य माझ्या मनात सलत होतं. सरळ 'कवळ्याला चला' म्हटलं असतं तर त्या आल्या नसत्या. पण वाटेत त्यांचं माहेरचं वेंगुर्लं लागणार म्हटल्यावर 'नाही' म्हणणं त्यांनाही जमेना.

तयारीचं फार सांगत नाही. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, लसणीची कोरडी चटणी आणि घाटात मुलांना मळमळलं तर आल्याचं पाचक एवढंच खाण्याचं घेतलं. सात दिवस चुलीला हात लावायचा नाही, असं मी शाळेची सुट्टी लागली तेव्हाच जाहीर केलं होतं! ओटीचं सामान मात्र माझ्या हाताने बांधलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या. एक नव्हे, दोन पुड्या बांधल्या.

पहाटे चारला निघालो. पनवेल, पेण, महाड मागे टाकलं. कशेडीला आता बोगदा झाला आहे, त्यामुळे पूर्वीची ती पोटात कालवणारी वळणं बरीचशी टळली. पहिला मुक्काम गणपतीपुळे. इथला गणपती पश्चिमेला तोंड करून समुद्राकडे बघतो, आणि मागची सबंध टेकडीच त्याचं रूप मानतात. म्हणून प्रदक्षिणा घालायची ती टेकडीला. सासूबाईंनी अनवाणी घातली आणि मुलांना दमवलं. प्रसादाची साधी खिचडी पंगतीत बसून खाताना, घरी भाताला नाक मुरडणारा आमचा धाकटा दोनदा ताट पुढे करतो हे पाहून मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर, आडिवऱ्याची महाकाली आणि देवगडजवळचं कुणकेश्वर. देवळाच्या पायथ्याशीच समुद्र. हापूस तर रस्त्याच्या दुतर्फा पेट्यांतून बोलावत होता, पण त्याहून मौज वाटली ती करवंदांची. पानाच्या द्रोणात विकायला बसलेल्या पोरीकडून मुलांनी ती घेतली आणि 'कोंबडा की कोंबडी' खेळत सबंध वाट संपवली.

मालवणला आम्ही हॉटेलात न उतरता एका घरी उतरलो. आदल्या रात्री सांगून ठेवलं की सकाळी हवं ते करून देतात. घरच्या बाईंनी पहिल्या दिवशी नारळाच्या रसाबरोबर खापरोळ्या वाढल्या, दुसऱ्या दिवशी घावणं आणि काळ्या वाटाण्याची उसळ. दुपारी माशाचं तिरफळ घातलेलं कालवण आणि सोलकढी. परसात रातांबे फोडून सालं उन्हात घातली होती. आमच्या मुलीला कोकम म्हणजे वाण्याकडच्या पाकिटातली काळी वस्तू एवढंच ठाऊक. तांबडंलाल फळ हातात घेऊन ती बघतच राहिली.

सिंधुदुर्गावरही जाऊन आलो. १६६४ साली महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, ते राजाराम महाराजांनी बांधलेलं. इतिहासाच्या पुस्तकातला धडा पायांखाली आल्यावर तो पाठ करावा लागत नाही, हे शिक्षिका म्हणून मी पुन्हा एकदा पाहिलं.

वेंगुर्ल्याला सासूबाईंची जीभच सुटली. लहानपणी बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरताना आपण कशा रडलो, आईने डब्यात शिरवाळे कसे दिले होते, सगळं त्या मालवणीत सांगू लागल्या. मुलांना निम्मं कळत होतं, निम्मं नाही, पण आजी हसते आहे एवढं कळत होतं. पुढे शिरोडं. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात इथल्या शाळेत शिक्षक होते, आणि १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला. जवळच रेडीला १९७६ साली खाणीत सापडलेली गणपतीची मूर्ती आहे. तीही पाहिली. त्या संध्याकाळपासून मासळी बंद केली, कारण दुसऱ्या दिवशी कवळ्याला जायचं होतं.

आणि त्याच रात्री सासूबाई पुन्हा गप्प झाल्या.

मैत्रिणींनो, देवळात कुणी त्यांना कधी अडवलं नव्हतं. 'तुम्ही ओटी भरू नका' असं घरातही कुणी म्हटलं नव्हतं. कुणी न म्हणताच त्यांना ते ठाऊक होतं, हीच तर खरी अडचण. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हा मामंजी होते. ती बातमी सासूबाईंनीच आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली होती आणि 'बरं केलं हो' असंही म्हणाल्या होत्या. पण गावाचा ठराव वेगळा आणि स्वतःच्या मनाचा वेगळा. तो काही पेपर वाचून होत नाही.

फोंडा महालात आधी मंगेशी आणि म्हार्दोळची म्हाळसा केली. मग कवळे. तळी, उंच दीपस्तंभ, कौलारू उतरती छपरं, सभामंडपातली झुंबरं. मुलांना घेऊन सासूबाई सभामंडपात बसल्या आणि देवीची गोष्ट सांगू लागल्या. ही देवी मूळची केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले, तेव्हा भक्तांनी तिला नदीपार इकडे आणलं, कारण हा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. मंगेश कुशस्थळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून. आजचं हे देऊळ १७३८ मधलं, शाहू महाराजांच्या काळातलं. आणि नाव शांतादुर्गा का? तर शिव आणि विष्णू यांचं भांडण जुंपलं तेव्हा हिने मध्ये पडून दोघांना शांत केलं.

"म्हणजे देवीला पण घर सोडावं लागलं?" धाकट्याने विचारलं.

"सोडूक लागलां," सासूबाई म्हणाल्या, "पण देवपण काय तिणां थंय ठेवून येवक नाय."

बोलून गेल्या आणि स्वतःच थबकल्या.

मी ओटीची एक पुडी माझ्या ताटात घेतली. त्या नेहमीप्रमाणे बाजूला सरकत म्हणाल्या, "बाय, तू भर. मी हंय थांबतंय." मी काही बोलले नाही. वाद घातला असता तर शाळेतल्यासारखं भाषण झालं असतं. दुसरी पुडी फक्त त्यांच्या मांडीवर ठेवली आणि मुलांना घेऊन रांगेत उभी राहिले. हेही गप्प होते.

रांग पुढे सरकत होती. बराच वेळ मागे वळून पाहायचा मला धीर झाला नाही. मग खांद्याला ओळखीचा हात लागला. खण-नारळ ओंजळीत धरून त्या माझ्यामागे उभ्या होत्या. भटजींसमोर पोचल्यावर अगदी हळू विचारलं, "माझी चालता मां?" भटजींनी ताट पुढे केलं आणि म्हणाले, "दी बाय." एवढंच. त्यांच्या दृष्टीने ती रांगेतली एक ओटी होती. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले तेव्हा मामंजींच्या पश्चात प्रथमच मी त्यांचा चेहरा सैल झालेला पाहिला. ताटातलं कुंकू मात्र त्यांनी लावलं नाही. मीही 'लावा' म्हटलं नाही. जेवढं त्यांच्या मनाने घेतलं तेवढं त्यांचं.

दुपारी जेवायला खतखतें, मुगागाठी, भात आणि गोडाला मणगणें होतं. तीन वर्षांत गोडाचा घास नाइलाजाने खाणाऱ्या सासूबाईंनी वाटी पुन्हा पुढे केली. घरी आल्यावर ते मणगणें त्यांनी मला शिकवलं. तुमच्यासाठी देते. एक वाटी चणाडाळ तीन-चार तास भिजवून, डाळ अख्खी राहील पण बोटाने दाबल्यास मऊ लागेल अशी शिजवा. मूठभर भिजवलेला साबुदाणा आणि नारळाचं पातळ दूध घालून साबुदाणा पारदर्शक होईस्तोवर उकळा. मग आच मंद करून वाटीभर गूळ, चिमूटभर मीठ आणि काजू घाला. दाटपणा कमी वाटला तर चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावा. शेवटी घट्ट दूध आणि वेलची घालून लगेच उतरवा. घट्ट दूध घातल्यावर उकळी येऊ देऊ नका, नाहीतर ते फाटतं.

तुम्हीही या वाटेने जाणार असाल तर दोन गोष्टी सांगते. एका दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त देवळं घेऊ नका, नाहीतर देव आणि मुलं दोघंही कंटाळतात. जेवण शक्यतो घरगुती ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे त्या त्या गावची चव मिळते आणि चार बायकांच्या हाताला चार पैसेही मिळतात.

आणि घरात एखादी सासू, आई, नणंद किंवा जाऊ 'माझं काय आता तिथे' म्हणून मागे राहत असेल, तर तिला उपदेश करू नका, ओढूही नका. सामान बांधताना ओटीची एक पुडी जास्त बांधा, आणि तिच्या मांडीवर ठेवून तुम्ही रांगेत उभ्या राहा.