यवतमाळ ते मुंबई : दीड तासाचे विमान, दिवसभराची वाट

नागपूरहून मुंबई विमानाने दीड तासावर आहे, असे ऐकले की घरात आजारी माणूस असणाऱ्याला हायसे वाटते. दोन्ही विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. विमान जवळजवळ सरळ रेषेत जाते. रेल्वेला मात्र धुऱ्याधुऱ्याने जाणाऱ्या माणसासारखी वळणे घ्यावी लागतात; तिची वाट सुमारे ८४० किलोमीटरची होते.

पण बंधू-भगिनींनो, आपला प्रवास सुरू होतो तो घराच्या उंबरठ्यावरून. यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करीत एस.टी.ने नागपूर गाठायला तीन-साडेतीन तास लागतात. सोनेगावचा विमानतळ वर्धा रोडलाच आहे, एवढी एक सोय. तिथे दोन तास आधी पोचावे लागते. म्हणजे दुपारी दोनच्या विमानासाठी सकाळी आठलाच यवतमाळ सोडावे. मुंबईत उतरून सामान घेऊन परळच्या टाटा रुग्णालयापाशी जाईतो संध्याकाळ होते. तपासणी दुसऱ्या दिवशी. तेव्हा रात्रीच्या मुक्कामाची सोय आधीच पाहावी.

उलट धामणगावहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने निघालेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊ शकतो. म्हणून रोगी हिंडता-फिरता असेल, तर रात्रीची गाडी बरी. ज्याला रात्रभराचा प्रवास सोसवत नाही, त्याच्यासाठी विमानाचा खर्च सार्थकी लागतो. तिकीट काढण्यापूर्वी हवेतले तास मोजू नका, उंबरठ्यापासूनचे मोजा.