वरचे पाणी आणि खालची डाळ

छत्रपती संभाजीनगरहून निघालेली गाडी बदनापूर ओलांडते, तेव्हा पौष महिन्यात दोन्ही बाजूंना तुरीची शेते दिसू लागतात. शेंगा भरलेल्या, पाने गळू लागलेली, काढणीला आलेली तूर. याच बदनापुरात परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र असून मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या ओळखीचे ‘बीडीएन-७११’ हे पांढऱ्या तुरीचे वाण तेथलेच. पुढचे मोठे स्थानक जालना. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी उभी केली आणि पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांचे आणि डाळमिलचे हे गाव. अशा गावात, डाळीच्या राशींपासून हाकेच्या अंतरावर, माझी आत्या प्रथिनांअभावी झिजत होती, हे मला त्या हिवाळ्यात उमगले.

कुंडलिका नदीने जालन्याचे दोन भाग केले आहेत. पलीकडे व्यापारी पेठांचा नवा जालना, अलीकडे जुना जालना. गांधी चमनवरून आत वळले की रस्ते अरुंद होत जातात. निजामाच्या काळात, १७२५ च्या सुमारास बांधलेली मस्तगडाची गढी, काळी मशीद, आनंदी स्वामींचे मंदिर, आणि मधल्या गल्ल्यांत दगडी जोत्याची, लाकडी माळवदाची उरलीसुरली घरे. आत्याचे घर त्यांपैकीच एक. जोत्याला चार पायऱ्या. लहानपणी मी त्यांवरून उड्या मारीत असे. त्या दिवशी आत्या त्याच पायऱ्यांच्या वर, दाराची चौकट घट्ट धरून उभी होती. खाली उतरण्याचा धीर तिला होत नव्हता.

आत्याचे वय चौऱ्याहत्तर. दिवाळीनंतर ती न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडले नाही, परंतु त्या दिवसापासून तिचे बाहेर जाणे थांबले. वजन दोन वर्षांत सहा किलोने उतरून अठ्ठेचाळीसवर आले होते. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार लागे. “वय झालं बाई आता, असंच चालायचं,” ती म्हणाली. घरातल्या सगळ्यांनी ते मान्यही केले होते.

दुपारी वहिनींनी ताटे मांडली. घर पिढ्यान्‌पिढ्यांचे शाकाहारी. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वरण, कारळाची चटणी. वहिनींनी आत्याच्या वाटीत वरण वाढताना पळी पातेल्याच्या तळाशी नेली नाही. वरचेवर फिरवून निवळ पिवळे पाणी तेवढे घेतले. “आईंना दाट पचत नाही,” त्या म्हणाल्या. भाकरीही अर्धीच, दुधात कुस्करलेली. चटणी नाही, कारण दात नाहीत. मी काही बोलले नाही, परंतु त्या पळीवरून माझे लक्ष हटेना. डाळीचे सत्त्व तळाशी बसलेले होते आणि आत्याच्या वाट्याला वरचे पाणी येत होते.

रात्री मी आणि वहिनी हिशेब मांडायला बसलो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. साठी ओलांडलेल्यांना त्याहून थोडी अधिक, म्हणजे किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, असे वार्धक्यातील आहाराचे अनेक तज्ज्ञ सांगतात. कारण वय वाढते तसे खाल्लेल्या प्रथिनांपासून स्नायू बनवण्याची शरीराची क्षमता मंदावते. म्हणजे ‘म्हाताऱ्या माणसाला किती लागतं?’ हा आपला समज नेमका उलटा आहे. भूक कमी होते, पण स्नायूंची गरज कमी होत नाही.

आत्याला रोज किमान ४८ ग्रॅम हवे होते. प्रत्यक्षात काय मिळत होते? दोन वेळचा चहा आणि बिस्किटे, अर्धी भाकरी, वरणाचे पाणी, रात्री मऊ भात आणि अर्धा पेला दूध. कितीही सढळ हाताने मोजले तरी बेरीज सतरा-अठरा ग्रॅमच्या वर जाईना. वहिनींचे डोळे भरून आले. “मी काही कमी केलं का हो?” असे त्यांनी विचारले. कमी त्यांनी काहीच केले नव्हते. मायेपोटी सोपे, मऊ, पातळ तेवढे निवडले होते. वृद्धांची काळजी घेणाऱ्या बहुतेक घरांत हेच घडते.

उपाय परक्या डब्यात शोधावा लागला नाही. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरातच तो होता. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, मूगडाळीत २४, शेंगदाण्यात २५ च्या आसपास, ज्वारीत १० आणि सोयाबीनमध्ये ३६ हून अधिक. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो, डाळींत तो भरपूर असतो. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळते. म्हणून भाकरी-वरण, खिचडी, मेतकूट-भात या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात. दोन्ही एकाच घासात आले पाहिजेत असेही नाही. दिवसभरात दोन्ही पोटात जावेत, एवढे पुरे.

आम्ही ठरवले ते असे. सकाळी बिस्किटांऐवजी ४० ग्रॅम भिजवलेल्या मूगडाळीचे मऊ धिरडे आणि थोडे दही : १२ ग्रॅम. दुपारी एक लहान भाकरी, ३० ग्रॅम डाळीचे घोटलेले दाट वरण आणि त्यातच कालवलेला चमचा-दीड चमचा शेंगदाण्याचा बारीक कूट : १५ ग्रॅम. चार वाजता पेलाभर दुधात फुटाण्याच्या डाळीचे पीठ : १० ग्रॅम. रात्री थोडे तांदूळ आणि तेवढीच मूगडाळ घालून केलेली आसट खिचडी, सोबत वाटीभर दही : १२ ग्रॅम. एकूण ४९. एकाच जेवणात सगळे न कोंबता चारदा वाटून दिल्यामुळे आत्याला जडही झाले नाही.

पचनाची तक्रार खरी होती, ती हसण्यावारी नेली नाही. डाळ आठ तास भिजवून ते पाणी टाकून दिले, हिंग-जिऱ्याची फोडणी दिली आणि प्रमाण तीन आठवड्यांत हळूहळू वाढवले. दात नसले तरी घोटलेले वरण, पिठले, मऊ शिजवलेली वरणफळे आणि येसराची आमटी चालते. उसळ नको वाटली तर मोड आलेले मूग शिजवून वाटता येतात.

दूध न घेणाऱ्यांनी त्या जागी सोयाबीनचे दूध किंवा टोफू घ्यावे. घरी गव्हात सोयाबीन मिसळून दळायचे असल्यास ते आधी उकळून, वाळवून घ्यावे. कच्च्या सोयाबीनने प्रथिनांच्या पचनात अडथळा येतो. ‘बी-१२’ जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून मिळत नाही. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी लागते. आणि एक सूचना सर्वांत महत्त्वाची : मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारल्यावाचून काही करू नये. आम्हीही आत्याची रक्ततपासणी करूनच सुरुवात केली.

अडचण आली ती एकादशीला. आनंदी स्वामींवर आत्याची श्रद्धा मोठी, दोन्ही एकादश्या ती कधी चुकवत नाही. आषाढीला स्वामींची पालखी जुन्या जालन्यातून निघते तेव्हा पूर्वी ती गल्लीच्या तोंडाशी उभी असे. उपास सोड, असे तिला सांगण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. पण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने नावापुरतीही नाहीत. “आत्या, उपास करा, पण साबुदाण्याऐवजी राजगिरा चालेल ना?” मी विचारले. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “राजगिरा तर आमच्या सासूबाईही खायच्या.” त्या एकादशीला राजगिऱ्याची दुधातली लापशी, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही झाले. उपास मोडला नाही.

नुसत्या खाण्याने स्नायू परतत नाहीत, त्यांना काम द्यावे लागते. खुर्चीतून उठणे आणि बसणे, एवढाच व्यायाम दिवसातून तीनदा ठरला, शेजारी वहिनी उभ्या. हात न टेकता पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून अधिक लागले तर पायांची ताकद घटली आहे, असे डॉक्टर मानतात. पहिल्या दिवशी आत्याला हात न टेकता एकदाही उठता आले नव्हते.

चैत्रात मी पुन्हा जालन्याला गेले. वजन अडीच किलोने वाढले होते. खुर्चीतून ती पाचदा उठली, वीस सेकंद लागले. पाय अजून पूर्वीचे नाहीत, काठी सुटलेली नाही. संध्याकाळी ती म्हणाली, “चल, स्वामींकडे जाऊन येऊ.” एका हातात काठी, दुसरा हात वहिनींच्या खांद्यावर. चार पायऱ्या उतरायला तिने बराच वेळ घेतला आणि आम्ही कोणीही घाई केली नाही.

परतल्यावर जेवायला बसलो. वहिनींनी पातेल्यात पळी घातली आणि तळापासून ढवळून मगच पहिली वाटी आत्याची भरली.