भाडं किती देतात?

परवा बाबांचा फोन आला. नेहमीचं हवापाणी झालं आणि मग त्यांनी विचारलं, "काय रे, ते तुमचे वाघ भाडं देणार म्हणत होतास, त्याचं काय झालं?"

हे वाघ म्हणजे आमच्या सिनसिनाटीची फुटबॉल टीम, बेंगल्स. (अमेरिकन फुटबॉल हां, बॉल हातात घेऊन पळतात तो.) त्याची गोष्ट अशी.

आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी हौसेनं त्यांना डाउनटाउनला नदीकाठी फिरवत होतो. ओहायो नदी, तिच्यावरचा जुना रोबलिंग पूल, एकीकडे बेसबॉलचं स्टेडियम, दुसरीकडे फुटबॉलचं, मधे 'द बँक्स' नावाची नवी वस्ती, म्हणजे हॉटेलं, बार, वर अपार्टमेंट्स. आई फोटो काढत होती. बाबा जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यातून रिटायर झालेले. ते त्या फुटबॉलच्या धुडाकडे बघत होते.

"वर्षाला किती मॅच होतात इथे?"
"आठ-नऊ."
"बांधलं कुणी?"
"कौंटीनं. म्हणजे जिल्हा परिषदच समजा."
"मग भाडं किती देतात?"

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून, मॅचच्या दिवशी वाघाच्या पट्ट्यांचा टी-शर्ट घालून "हू डे" ओरडत फिरून, ठाऊक नव्हतं. रात्री सगळे झोपल्यावर वाचत बसलो. आणि वाचतच बसलो.

१९७० पासून दोन्ही टीम एकाच स्टेडियममध्ये खेळायच्या. १९९५ मध्ये शेजारच्या क्लीव्हलंडची टीम बाल्टिमोरला निघाली आणि इथे घबराट झाली. आपले वाघ पळाले तर? मार्च १९९६ मध्ये हॅमिल्टन कौंटीत मतदान झालं. सेल्स टॅक्स अर्ध्या टक्क्यानं वाढवायचा, त्यातून एक नाही, दोन स्टेडियम बांधायची. लोकांनी 'हो' म्हणावं म्हणून गोडी अशी की या पैशातला काही भाग घरमालकांना प्रॉपर्टी टॅक्समध्ये सूट म्हणून परत. लोक 'हो' म्हणाले. फुटबॉलचं २००० मध्ये उघडलं, बेसबॉलचं २००३ मध्ये.

आता आपल्या धंद्यातलं बोलू. टॅक्सचं उत्पन्न दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल असं त्या हिशेबात धरलं होतं. ते तसं वाढलं नाही. एस्टिमेट चुकणं आपल्याला नवं नाही, चुकलं की स्कोप कापतो. पण इथे स्कोप टीमबरोबरच्या १९९७ च्या करारात पक्का झालेला! त्यात काय असावं? इतर स्टेडियमांत होलोग्राफिक रिप्ले आला की तो इथेही कौंटीनं बसवून द्यायचा. जे यंत्र अजून जन्माला आलेलं नाही त्याचा मेंटेनन्स आधीच कबूल. आणि भाडं? २००९ पर्यंत थोडंफार, पुढे शून्य. उलट २०१७ पासून मॅचच्या दिवसाचा खर्चही कौंटीनं द्यायचा.

खड्डा बुजवायला घरमालकांच्या सुटीत कपात झाली. २०११ मध्ये कौंटीनं ड्रेक हे स्वतःच्या मालकीचं हॉस्पिटल विकायचं ठरवलं. आणि ज्या नव्या डाउनटाउनसाठी हे सगळं चाललं होतं त्या 'द बँक्स'मध्ये पहिली माणसं राहायला आली तीही २०११ मध्येच. मधली अकरा वर्षं स्टेडियमशेजारी बहुतेक पार्किंगच होतं.

हे सगळं सकाळी चहाबरोबर बाबांना सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "सूट घरमालकांना. आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना?"

इथे मी गप्प झालो. कारण आधी कित्येक वर्षं मी भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये होतो. दूध-भाजीवर टॅक्स नसतो, पण साबण, बूट, गाडीचे टायर, हॉटेलातलं जेवण, सगळ्यावर तो अर्धा टक्का मी देत होतो. एचवनवर होतो, म्हणजे मताचा प्रश्नच नाही. मग घर घेतलं आणि पहिल्याच प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात वजाबाकीची एक छोटी ओळ दिसली. सेल्स टॅक्सची सूट. तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ते पैसे माझ्या जुन्या बिल्डिंगमधले लोक साबणाच्या वडीबरोबर भरत होते.

डाउनटाउन छान झालंय, हेही खरं. नदीकाठची बाग सुंदर आहे. २०२१ मध्ये वेस्ट एंडमध्ये सॉकरचं नवं स्टेडियम उघडलं, तिथली गर्दी बघून मजा येते. फक्त मला आता तिथे जाताना आठवतं की याच वेस्ट एंडच्या एका भागातून १९५०-६० च्या दशकांत सुमारे २५,००० माणसांना, बहुतेक कृष्णवर्णीयांना, उठवलं होतं. तेव्हाही शहर सुधारण्यासाठीच.

जून २०२५ मध्ये बेंगल्सचा नवा करार झाला, २०३६ पर्यंतचा. या वेळी मतदान नाही, तीन कमिशनरांपैकी दोघे 'हो' म्हणाले. स्टेडियमच्या डागडुजीला ४७ कोटी डॉलर, त्यातले ३५ कोटी कौंटीचे. भाडं मात्र करारात पुन्हा आलं. ते मी तेव्हा बाबांना मोठ्या आनंदानं कळवलं होतं.

परवा फोनवर ते सगळे आकडे पुन्हा सांगितले. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढं सगळं वाचतोस, तर त्या मीटिंगला गेला होतास का?"

"नाही. त्या आठवड्यात आमचं रिलीज होतं."

"हं," बाबा म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.