मातीचे मणी

पन्नाशी ओलांडली म्हणजे सुशिक्षित मनुष्यास दोन व्याधी जडतात असा आमचा अनुभव आहे. एक मधुमेहाची व दुसरी लोकसेवेची. पहिलीस पथ्य तरी आहे. दुसरीस कोणी पथ्य सांगत नाहीं, उलट जो तो सत्काराचा नारळ हातीं देतो. नंदुरबार जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचें उभें आयुष्य गेलें. ग्रीक कलशावरील कीट्सची कविता आम्हीं पंचवीस वर्षें शिकविली. मात्र साधें मडकें कसें घडतें हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

पुण्यास एका आठ दिवसांच्या वर्गांत आमच्या सौभाग्यवतींनीं मातीचे दागिने करण्याची विद्या संपादन केली, व त्यांच्या शेजारीं बसून आम्हींही कांहीं मणी वळले. चिकणमाती मळावी, गोळी वळावी, ओली असतांनाच सुईनें भोंक पाडावें, सावलींत वाळवावी आणि मग भाजावी. कृति इतकी सोपी कीं तिच्यांत आदिवासी भगिनींचा उद्धार आम्हांस तत्काळ दिसूं लागला. आमच्याच जिल्ह्यांत प्रकाशें येथें, तापी व गोमाई यांच्या संगमावर, 1955 सालीं उत्खनन होऊन ताम्रपाषाण युगापासूनची वस्ती उजेडांत आली. अशा जुन्या पांढरींत भाजलेल्या मातीचे मणी नेहमींच सांपडतात. म्हणजे इतिहासही आमच्याच बाजूचा!

त्या हिवाळ्यांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठीं विद्यार्थ्यांसह आम्ही अक्राणी तालुक्यांतील एका पाड्यावर गेलों. शिबिर सात दिवसांचें. तेव्हां उद्धारही सात दिवसांतच उरकणें प्राप्त होतें. दोनच दिवस वाळलेले मणी आम्हीं गोवऱ्यांच्या जाळांत घातले. मातींत राहिलेल्या पाण्याची वाफ झाली व निम्मे मणी फटाक्यांप्रमाणें फुटले. पोरें हंसलीं. उरलेले मणी मात्र दिसावयास सुरेख होते. ते आम्हीं बायांपुढें मांडले व अलंकार आणि सौंदर्यदृष्टि या विषयावर एक लहानसें व्याख्यानही दिलें.

व्याख्यान संपेपर्यंत एका म्हातारीनें एक मणी उचलून पाण्याच्या तांब्यांत टाकला होता. आमचा चहा होतो न होतो तोंच तिनें तांब्या आमच्यापुढें धरला. तळाशीं नुसता चिखल!

"गुरुजी, हा तर घामानंच जाईल," ती म्हणाली.

तिचें खरें होतें. सुमारें 600 अंश सेल्सिअसचा ताव लागल्यावांचून माती पक्की होत नाहीं. वरून लाल दिसली तरी पाण्यांत ती पुन्हां मातीच होते. म्हातारीस अंश ठाऊक नव्हते, पण परीक्षा ठाऊक होती. मग तिनें गळ्यांतील चांदीचा दागिना बोटानें पुढें ओढला. "ही अडीनडीला सावकाराकडं ठेवतां येते. तुमची माती कोण ठेवून घेईल?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आमच्या लेखीं अलंकार म्हणजे शोभा. तिच्या लेखीं तो दुखण्याचा, बियाण्याचा व लग्नकार्याचा सांठा होता. तो उतरवून तिनें माती घालावी असें आम्ही सुचवीत होतों, आणि त्यास सेवा म्हणत होतों.

पुढल्या वर्षीं आम्ही तळोद्याच्या एका कुंभारदादांस सोबत नेलें व स्वतः मागें बसलों. त्यांनीं घाई केली नाहीं. मणी खडखडीत वाळल्यावरच आवा रचला व निवाल्यावर उघडला. बायांनीं मोहाच्या फुलांच्या आकाराचे मणी केले. स्वतःसाठीं नव्हे, विकण्यासाठीं. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेंत कांहीं माळा खपल्याही. परंतु जळण, दोरा व कुंभाराचें देणें वजा जातां रोजीं किती पडले हें त्यांनींच बोटांवर मोजलें आणि आम्हांस स्वच्छ सांगितलें कीं, ऊसतोडीची मजुरी याहून बरी.

मग त्यांनीं हें काम सोडलें असेल असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. गुजराथेंतील ऊसतोडीवरून परतल्यावर त्या रिकाम्या दुपारीं मणी वळावयास बसत. हात गुंतलेले व नजर खालीं असली कीं जीभ मोकळी होते. मारहाणीच्या, दारूच्या, मुकादमाच्या उचलीच्या गोष्टी मातीबरोबर मळल्या जात. याच जिल्ह्यांत, शहाद्यास, अंबरसिंग महाराजांच्या काळीं 1972 सालीं श्रमिक संघटना उभी राहिली. पुढें स्त्रियांच्या शिबिरांतून उठलेल्या बायांनीं गांवोगांव दारूचीं मडकीं फोडलीं, त्याचेंही मूळ अशा एकत्र बसण्यांतच असलें पाहिजे.

एके दुपारीं एका तरुण बाईनें पोलक्यांतून घडी केलेला कागद काढून आमच्यापुढें धरला. ती उचलीची चिठ्ठी होती. आम्हीं वाचून दाखविली. घेतल्याहून चार हजार रुपये अधिक मांडले होते. ती कांहीं बोलली नाहीं. पण शेजारणीनें हात धुतले व आपलीही चिठ्ठी घरून आणली. मग तिसरीनें आणली. पंचवीस वर्षें आम्हीं जें वाचन केलें त्याचा एवढा रोकडा उपयोग पूर्वीं कधीं झाला नव्हता. त्या वर्षीं मुकादम आला तेव्हां त्या सातजणी एकत्र गेल्या व हिशेब दुरुस्त करवूनच उठल्या. आम्ही बरोबर गेलों नाहीं; त्यांनीं बोलाविलें नव्हतें.

म्हातारी अजून चांदीच घालते. मातीची माळ आमच्या घरीं सौभाग्यवती घालतात. पहिल्या शिबिरांतील एक मणी मात्र आम्हीं मेजाच्या खणांत जपून ठेवला आहे. दिसावयास तो अगदीं पक्का दिसतो. त्यास पाण्यांत टाकून पाहण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.