अरुंधती दिसली

वैशाख वद्य चतुर्दशीची रात्र होती. सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या त्या खेड्यात दिवसभराची काहिली अजून ओसरली नव्हती. सूर्यास्तापूर्वी घरातली जेवणे आटोपली होती. आजींचे एकाशन तर दुपारीच झाले होते. दिव्यावर किडे झेपावतात म्हणून परसातला दिवा या घरी सहसा लावीत नसत. त्यामुळे सुट्टीत पुण्याहून आलेल्या नातीला हवा तसा काळोख आयताच मिळाला.

शेवग्याच्या झाडापासून दूर, मोकळ्या जागी तिने तिपाई उभी केली आणि तिच्यावर आपली छोटी दुर्बीण बसवली. पुढच्या भिंगाचा व्यास ७० मिलिमीटर, नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. डोळ्याशी २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की प्रतिमा २८ पट मोठी दिसते, हा भागाकार तिने आजींना करून दाखवला. मग वीस मिनिटे कोणीही मोबाइलकडे पाहायचे नाही, असा हुकूम सुटला. काळोखाला डोळे सरावायला तेवढा अवधी लागतोच.

आजी बाजेवर बसून राहिल्या. हळूहळू आकाश भरत गेले. पूर्वेला उंचावर केशरी स्वाती, दक्षिणेकडे शुभ्र चित्रा, तिच्या खूप खाली, उसाच्या फडावर टेकल्यासारखा त्रिशंकू आणि उत्तरेला सप्तर्षी. नात ऋषींची नावे सांगू लागली तेव्हा आजी म्हणाल्या, "आम्ही त्याला म्हातारीची बाज म्हणायचो. चार तारे म्हणजे बाजेचे खूर, आणि मागचे तीन चोर."

"त्यातला मधला चोर म्हणजे वसिष्ठ. त्याला अगदी लागून अरुंधती आहे. दिसते का गं आजी?"

आजी गप्प झाल्या.

हाच प्रश्न बासष्ट वर्षांपूर्वी याच परसात त्यांना विचारला गेला होता. आजोबा शाळामास्तर, ताऱ्यांचे वेडे. नव्या जोडप्याने अरुंधती पाहावी ही जुनी रीत त्यांना मनापासून आवडे. त्यांनी बोट दाखवून विचारले, "दिसली?" अठरा वर्षांच्या नवरीला ते तीन चोरसुद्धा पुसटच दिसत होते. पण आपली नजर अधू आहे, हे सासरी पहिल्याच आठवड्यात कसे सांगावे? "दिसली," त्या म्हणाल्या, आणि आजोबांचा चेहरा खुलला.

पुढे दर उन्हाळ्यात आजोबा तिकडे बोट दाखवीत आणि आजी मान डोलावीत. तिसऱ्या बाळंतपणानंतर चष्मा लागला. पण आता निरखून पाहायचे म्हणजे आजवर पाहिले नव्हते याची कबुली द्यायची. त्यांनी वर पाहणेच सोडले. त्या असत्याने कोणाचेही नुकसान झाले नव्हते. तरी प्रतिक्रमणाला बसल्या की ते आठवल्यावाचून राहत नसे. पुढे आजोबा गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि गेल्या हिवाळ्यात त्याची शस्त्रक्रिया झाली.

"ये, यातून बघ," नातीने हात धरून त्यांना दुर्बिणीशी आणले. आजी वाकल्या. आधी नुसता काळोख, मग थरथरते ठिपके, मग ते स्थिर झाले.

"अगं, दोन कुठे? हे तर तीन आहेत!"

नात खूश झाली. वसिष्ठ हा स्वतःच जोडतारा आहे; सतराव्या शतकात दुर्बिणीनेच ते उलगडले. पुढे वर्णपटाच्या अभ्यासाने त्या दोघांचीही फोड झाली, आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद सोबती असल्याचे समजले. म्हणजे आजींना दिसणाऱ्या तीन ठिपक्यांत सहा तारे होते. "आणि हा प्रकाश तिथून निघाला त्याला ऐंशीएक वर्षं झाली. म्हणजे तू जन्मलीस त्या सुमाराला!"

पृथ्वी फिरत होती, तसे ठिपके कडेकडे सरकत होते. आजींनी डोळा काढला नाही. तशाच वाकलेल्या त्या म्हणाल्या, "तेव्हा मला दिसली नव्हती. त्यांना मी खोटंच सांगितलं."

उंबऱ्यावर बसलेला मुलगा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, चष्म्यासाठी तुला मिरजेला आबाच घेऊन गेले होते ना? नंबर किती निघाला, ते त्यांनी पाहिलंच असेल."

आजी सावकाश सरळ झाल्या. हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. नंबर कळल्यानंतरही किती उन्हाळे आजोबा तसेच बोट दाखवीत राहिले होते! त्यांनी चष्मा पदराने पुसला, पुन्हा लावला आणि दुर्बिणीवाचून वर पाहिले. मधल्या चोराला लागून एक बारीक ठिपका होता. खरोखरच होता.

बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग नातीला म्हणाल्या, "जा, तुझ्या आईलाही बोलव. आणि तिला आधीच सांग, दिसली नाही तर नाही म्हणायचं."