व्हिडिओ गेमसारखा

जुन्या कात्रणांची फाईल आवरताना माझंच एक परीक्षण हाती लागलं. ‘सायलेंट हिल’ या भयपटाचं. गल्लीतल्या सीडीवाल्याकडून डीव्हीडी भाड्याने आणून, रात्री एकटीने बघून, दुसऱ्या दिवशी सकाळी एका साप्ताहिकाला लिहून दिलेलं. पाचपैकी दोन तारे दिले होते. शेवटी निकाल होता : दृश्यं देखणी, गोष्टीला शेंडा ना बुडखा, सगळा मामला व्हिडिओ गेमसारखा. ते शेवटचे दोन शब्द लिहिताना मला फार समाधान वाटलं होतं, हे अजून आठवतं. तोवर मी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळले नव्हते.

तेव्हा बाहेरचे समीक्षकही साधारण हेच म्हणत होते. क्रिस्तॉफ गान्स या फ्रेंच दिग्दर्शकाचा हा चित्रपट २००६च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत लागला. समीक्षकांसाठी आगाऊ खेळ ठेवलाच नव्हता. तो ठेवला नाही की समीक्षक काय समजायचं ते समजतात. परीक्षणं बहुतेक वाईटच आली. प्रेक्षक मात्र गेले. पहिल्या तीन दिवसांत सुमारे २ कोटी डॉलरची तिकिटं खपली, चित्रपट त्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि ५ कोटींत बनलेल्या या चित्रपटाने जगभरात १० कोटींच्या आसपास गल्ला केला.

त्या सगळ्या परीक्षणांतलं अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांचं मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. त्यांनी चारपैकी दीड तारा दिला. चित्रपट दिसतो सुरेख, हे मान्य केलं. आपल्याला गोष्ट कळली नाही, हेही सरळ लिहिलं. खेळ संपल्यावर सरकत्या जिन्यावर सात-आठ जणांनी त्यांना गाठून अर्थ विचारला, आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. पण त्याच परीक्षणात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे : कळलं नाही ते नाहीच, तरीही पडद्यावर इतकं समजावून सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. या वाक्याचं मोल मला फार उशिरा कळलं.

ते कळायला भाचा कारण झाला. कात्रण मी त्याला दाखवलं. त्याने वाचलं, घडी घालून परत दिलं, बोलला काहीच नाही. पुढच्या सुट्टीत आला तो मित्राकडून जुनं प्लेस्टेशन घेऊन. टीव्हीला जोडलं आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. “मावशी, आधी खेळ. मग आपण बोलू.”

चित्रपट ज्यावर बेतला तो कोनामी या जपानी कंपनीचा मूळ गेम १९९९चा. हॅरी मेसन नावाचा एक साधा माणूस, पेशाने लेखक, सात वर्षांच्या शेरिल या मुलीला घेऊन सुट्टीला निघालेला असतो. गाडीला अपघात होतो. शुद्धीवर येतो तर शेजारच्या सीटवर मुलगी नाही. बाहेर धुकं आहे, अवेळी बर्फ भुरभुरतंय, गावात चिटपाखरू नाही. लांबवर एक लहान आकृती दिसते आणि धुक्यात विरते. तिच्यामागे जायचं.

बाण दाबला की हॅरी चालतो. मी त्याला एका बोळात नेलं. बोळ अरुंद होत गेला. कॅमेरा डोक्यावर चढला, मग तिरका झाला. माणूस खाली कुठेतरी मुंगीएवढा. एक उलटी पडलेली चाकांची खुर्ची, तिचं एक चाक अजून फिरतंय. उजेड कमी होत होत पार गेला. हॅरीने काडी ओढली. तेवढ्या उजेडात जमिनीवर रक्त दिसलं.

मी बाण सोडला. हॅरी थांबला.

सिनेमात भीती वाटली की मी डोळे झाकते आणि सिनेमा पुढे जात राहतो. माझ्यावाचून त्याचं काही अडत नाही. इथे मी थांबले आणि सगळं जागच्या जागी थांबलं. पाठमोरा हॅरी काडी धरून उभा. तो काही करणार नव्हता. पुढचं पाऊल मीच टाकायचं होतं, माझ्या अंगठ्याने, आणि अंगठा हलत नव्हता. पन्नाशी गाठलेल्या बाईने आपल्याच बैठकीच्या खोलीत, दिवसाउजेडी, एवढं घाबरावं हे मला नवीन होतं. भाचा शेजारी बसून होता. त्याने घाई केली नाही.

शेवटी मी पुढे गेले. अंधारातून हातात सुरे घेतलेली लहान मुलांएवढी काहीतरी आली. मागे पळाले तर आलेली वाट बंद. हॅरी पडला. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हटलं, हरले. “नाही गं,” भाचा म्हणाला, “इथे मरायचंच असतं.” आणि खरंच, हॅरी एका उपाहारगृहाच्या बाकावर जागा झाला. थोड्या वेळाने तिथलाच एक छोटा रेडिओ आपोआप खरखरायला लागला. राक्षस जवळ आला की तो खरखरतो. दिसण्याआधी ऐकू येतं, आणि धुक्यामुळे दिसायला वेळ लागतो. तेवढा वेळ काढणं कठीण असतं.

ते धुकं यंत्राच्या अडचणीतून आलं होतं. त्या काळच्या प्लेस्टेशनला लांबवरचा रस्ता, घरं, झाडं एका वेळी रेखाटणं झेपत नसे. मग गेमचे दिग्दर्शक केइचिरो तोयामा आणि त्यांच्या गटाने लांबचं सगळं धुक्याने आणि अंधाराने झाकलं. आपल्याकडे एकच नऊवारी असलेली नटी तिच्यावरच तीन अंक उभे करायची, तसं. हातात जे होतं त्यालाच त्यांनी गेमचा स्वभाव करून टाकलं. अकिरा यामाओका यांनी संगीत असं दिलं की ते कुठे संपतं आणि कारखान्यातल्या पत्र्यांचा आवाज कुठे सुरू होतो, ते सांगता येत नाही. हॅरीही ठरवून कच्चा ठेवला आहे. त्याला धाप लागते, त्याचा नेम चुकतो. आणि शेवट एक नाही, अनेक आहेत. वाटेत कुणाला वाचवलं, कुणाला नाही, त्यावर तुमचा शेवट ठरतो.

मग मी चित्रपट पुन्हा बघितला. या वेळी गोष्ट शोधत नव्हते, त्यामुळे बरंच दिसलं. गान्स यांचं या गेमवर मनापासून प्रेम होतं. हक्क मिळावेत म्हणून त्यांनी कोनामीला स्वतःचं चित्रण करून पाठवलं होतं, हा गेम आपल्याला काय वाटतो हे सांगणारं. चित्रीकरणाच्या जागी टीव्हीला प्लेस्टेशन जोडून ते गेम खेळून दाखवत, कॅमेरा कसा फिरायला हवा हे नटांना आणि छायाचित्रकाराला कळावं म्हणून. तो बोळ चित्रपटात जवळजवळ जसाच्या तसा आहे. फक्त हॅरीच्या जागी रोझ ही आई आहे. हॅरीचं वागणं आपल्याला आईचं वाटतं, असं गान्स यांचं म्हणणं. भोंगा वाजतो, उजेड जातो, भिंतींचे पापुद्रे सुटून वर उडायला लागतात आणि आतून गंजकं लोखंड दिसतं. पुढे रुग्णालयाच्या अंधाऱ्या वाटेत चेहरा नसलेल्या परिचारिका पुतळ्यासारख्या उभ्या असतात. उजेड पडला की हलतात, तुटक, एकेक सांधा वेगळा. रोझला त्यांच्या मधून, त्यांना अंग न लागू देता जायचं असतं. रोझ झालेल्या राधा मिचेलचा श्वास सोडला तर तिथे बोलणं म्हणून काही नाही.

हे सगळं गेममधून आलेलं आहे. मग वाईट काय आहे? वाईट ते, जिथे चित्रपटाला आपण चित्रपट असल्याची आठवण होते. शेवटाकडे आला की तो सगळं थांबवतो आणि जुन्या, दाणेदार फितीसारख्या चित्रांवर एका मुलीच्या आवाजात पूर्वकथा सांगायला लागतो. अलेसा कोण, गावाने तिचं काय केलं, धर्मवेड्या लोकांनी तिला जाळलं कसं, रोझची मुलगी शेरॉन तिची कोण. तासदीड तास धुक्यात चाचपडलेल्या माणसाच्या हातात नकाशा कोंबावा तसं. गेममध्येही ही गोष्ट आहे, पण तुकड्यांत, अर्धवट, आणि ते तुकडे तुम्ही वेचलेले असतात. इथे ती ताटात वाढून मिळते, आणि वाढली म्हणूनच ती सामान्य असल्याचं कळतं. ईबर्ट यांनी बोट ठेवलं होतं ते नेमकं इथे. गेम न खेळताही चित्रपट कुठे दुखतोय हे त्यांना बरोबर लागलं होतं.

धुक्यालासुद्धा चित्रपटाला कारण लागलं. पटकथाकार रॉजर एव्हरी यांनी पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रेलिया या गावाचा आधार घेतला. तिथल्या कोळशाच्या खाणीला १९६२ साली लागलेली आग जमिनीखाली अजून जळते आहे आणि गाव जवळपास उठून गेलं आहे. म्हणून चित्रपटात बर्फाऐवजी राख पडते. ही राख मला आवडते, रोझच्या तळहातावर ती पडते तेव्हा तर फारच. गेममध्ये मात्र अवेळी बर्फ का पडतं याचं उत्तर नव्हतं, आणि ते नव्हतं म्हणून बर्फाकडे बघत राहावं लागायचं.

चित्रपटात डोक्यावर लोखंडी सुळका असलेला एक प्रचंड राक्षस आहे. तो पहिल्या गेममधला नाहीच. २००१च्या दुसऱ्या गेममधून उचलला. तिथे मेलेल्या बायकोचं पत्र आल्यावर तिला शोधायला आलेला जेम्स असतो, आणि तो राक्षस जेम्सच्या अपराधाला चिकटलेला असतो. दुसऱ्या कुणाचा होऊच शकत नाही. चित्रपटात तो दणकट दिसतो, पण कुणाचाच नसतो. खेळणाऱ्यांना हे खुपलं. त्यांची ती तक्रार रास्त होती. बहुतेक समीक्षकांनी मात्र ती मांडली नाही, त्यांना ती ठाऊकच नव्हती.

एक गोष्ट माझ्या या म्हणण्यात नीट बसत नाही, तीही सांगते. पटकथेच्या पहिल्या मसुद्यात जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. पुरुष पात्र हवं असं स्टुडिओने कळवलं, आणि शॉन बीनने केलेला नवरा, ख्रिस्तोफर, वाढवला गेला. मधल्या भागात तो जेव्हा जेव्हा येतो तेव्हा भीती ओसरते. उन्हात, गाडीत, पोलिसांशी बोलणारा माणूस बघून आपल्याला मोकळा श्वास मिळतो, जो मिळायला नको असतो. पण शेवटचं दृश्य त्याच्यामुळेच उभं राहतं. रोझ मुलीला घेऊन घरी पोचते. घर तेच, पण दारात धुकं आहे. त्याच घरात, त्याच वेळी, ख्रिस्तोफर उन्हात कोचावर झोपलेला आहे. त्याला चाहूल लागते, तो उठतो. दार उघडं आहे, अंगणात कुणी नाही. ती तिथेच आहे. हे गेममधलं नाही. चित्रपटाने ते स्वतः मिळवलंय, आणि मला ते त्यातलं सर्वांत चांगलं वाटतं. त्या ठिकाणी कुणी काही समजावून सांगत नाही.

‘गेमसारखा’ हा शब्द शिवीसारखा वापरायची सवय अजून गेलेली नाही. २०२३ साली ‘फाइव्ह नाइट्स अॅट फ्रेडीज’ आला, तेव्हा पुन्हा तेच झालं. परीक्षणं वाईट, आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्याच्या शेवटी ८ कोटी डॉलर. खेळून मोठी झालेली मुलं थव्यांनी गेली. तो चित्रपट चांगला आहे असं माझं म्हणणं नाही. पण त्या मुलांना काय मिळालं हे कुणीतरी शोधायला हवं होतं.

ईबर्ट यांनी निदान स्वतःपुरतं शोधलं. व्हिडिओ गेम ही कला कधीच होऊ शकत नाही, असं त्यांनी २०१०च्या एप्रिलमध्ये लिहिलं. हजारो वाचक तुटून पडले. जुलैमध्ये त्यांनी पुन्हा लेख लिहिला. मत सोडलं नाही, पण एक कबुली दिली : न पाहिलेल्या चित्रपटावर मी कधी मत देणार नाही, मग न खेळलेल्या गेमवर द्यायला नको होतं. त्या वयात, त्या नावाचा समीक्षक हे छापून सांगतो, याबद्दल मला त्यांच्याविषयी अतोनात आदर वाटतो.

भयाशी समीक्षेचं वावडं आपल्याकडेही आहे. नारायण धारपांची पुस्तकं वाचनालयात कव्हर निघेपर्यंत फिरली. रत्नाकर मतकरींची गूढकथा वाचून रात्री कानावर पांघरूण ओढलेली माणसं प्रत्येक घरात सापडतील. पण आपण घाबरलो हे लेखात लिहायला कमीपणा वाटतो. मग कथानक, व्यक्तिरेखा, संदेश असं सगळं मोजायचं, आणि ज्यासाठी ते लिहिलं गेलं ते सोडून द्यायचं.

माझ्या परीक्षणात मी घाबरले की नाही याविषयी एक अक्षर नाही. त्या रात्री मी पॅसेजमधला दिवा चालू ठेवून झोपले होते. परिचारिकांच्या दृश्यात डीव्हीडी थांबवून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले होते, आणि परत येऊन बसायला वेळ लागला होता. हे मला लख्ख आठवतं. वाचकाला सांगण्यासारखं तेवढंच माझं स्वतःचं होतं, बाकीचं कुणीही लिहिलं असतं.

म्हणून त्या वेळच्या वाचकांसाठी एवढं : ‘व्हिडिओ गेमसारखा’ हे मी मागे घेते. या चित्रपटात जे धरून ठेवतं, ते बहुतेक त्या गेमचंच आहे. तारे मात्र दोनच राहू देत. ते त्या शेवटच्या लांबलचक पूर्वकथेसाठी.